माप ओलांडल्यानंतर : परदेशी जोडीदाराचा व्हिसा ते नागरिकत्व प्रवास

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



परमवीर चक्र हे रणांगणावरील शौर्यासाठी दिले जाणारे आपल्या देशाचे सर्वोच्च पदक आहे. राजमुद्रेभोवती इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती असलेले हे पदक २६ जानेवारी १९५० रोजी अस्तित्वात आले. त्याचे संकल्पचित्र सावित्रीबाई खानोलकर यांनी तयार केले, हे आपल्यापैकी अनेकांनी सामान्यज्ञानाचा प्रश्न म्हणून पाठ केले असेल. परंतु या सावित्रीबाईंचे जन्मनाव ईव्ह इव्होन माडे द मारोस असे होते, त्यांचा जन्म १९१३ मध्ये स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे झाला आणि विक्रम खानोलकर या लष्करी अधिकाऱ्याशी १९३२ मध्ये विवाह करून त्या भारताच्या झाल्या, हे थोड्यांनाच ठाऊक असते. परक्या देशातून आलेली एक सून या देशाशी किती एकरूप होऊ शकते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

आज एखादी ईव्ह भारतीय तरुणाशी विवाह करून आली, तर तिला कोणकोणत्या टप्प्यांतून जावे लागेल? माप ओलांडून सून घरात येते त्या दिवशी ती घरची होते. देशाची मात्र ती केव्हा होते? आणि दुर्दैवाने तो विवाहच टिकला नाही, तर देशाशी जुळलेल्या तिच्या नात्याचे काय होते? या तीन प्रश्नांच्या आधारे आज आपण हा विषय समजून घेऊ. नागरिकत्व कायदा आपल्या अभ्यासक्रमात आहेच. पण कलमांचे क्रमांक लक्षात ठेवताना त्या कलमांमागे उभी असलेली माणसेही दिसली पाहिजेत, असा माझा आग्रह आहे.

घटनात्मक चौकट

प्रथम मूलभूत गोष्ट. आपल्या राज्यघटनेने काही हक्क ‘व्यक्ती’ला दिले आहेत, तर काही ‘नागरिका’ला. अनुच्छेद १४ मधील कायद्यापुढील समानता आणि अनुच्छेद २१ मधील जीविताचा व व्यक्तिगत स्वातंत्र्याचा हक्क भारताच्या भूमीवरील परकीय व्यक्तीलाही लाभतो. अनुच्छेद १९ मधील स्वातंत्र्ये मात्र नागरिकांपुरती मर्यादित आहेत. देशात कोठेही राहण्याचे आणि स्थायिक होण्याचे स्वातंत्र्य त्यांतच येते. सर्वोच्च न्यायालयाने १९५५ च्या हान्स म्युलर खटल्यात परकीय व्यक्तीला देशाबाहेर पाठवण्याचा शासनाचा अधिकार व्यापक असल्याचे मान्य केले. पुढे १९९१ च्या लुई द रेड्ट खटल्यात, परकीय व्यक्तीला अनुच्छेद २१ चे संरक्षण असले तरी भारतात स्थायिक होण्याचा हक्क तिला त्यातून मिळत नाही, असे स्पष्ट केले.

याचा अर्थ असा, की भारतीय नागरिकाशी झालेला विवाह परदेशी जोडीदाराला येथे वास्तव्य करण्याचा घटनात्मक हक्क आपोआप देत नाही. विवाहामुळे त्याला कायद्याने आखून दिलेल्या वाटेवर पाऊल ठेवता येते, इतकेच. ती वाट चार टप्प्यांची आहे : विवाहाची नोंद, प्रवेश व्हिसा, परदेशस्थ भारतीय नागरिक कार्ड आणि अखेरीस नागरिकत्व.

पहिला टप्पा : विवाहाची नोंद

समजा, सातारा जिल्ह्यातील एक अभियंता आणि इंडोनेशियातील एक तरुणी यांनी विवाह करण्याचे ठरवले. विवाह भारतात करावयाचा असेल आणि दोघांचे धर्म भिन्न असतील, तर स्वाभाविक मार्ग विशेष विवाह अधिनियम, १९५४ हा आहे. ज्या जिल्ह्यात दोघांपैकी किमान एकाचे लगतचे तीस दिवस वास्तव्य आहे, तेथील विवाह अधिकाऱ्याला लेखी सूचना द्यावी लागते. ती प्रसिद्ध झाल्यावर आक्षेपांसाठी तीस दिवसांची मुदत असते. त्यानंतर तीन साक्षीदारांसमक्ष विवाह होतो. सूचना दिल्यापासून तीन महिन्यांत विवाह झाला नाही, तर नव्याने सूचना द्यावी लागते. परदेशी पक्षाकडून तो अविवाहित असल्याचे, म्हणजेच विवाहास अडथळा नसल्याचे, त्याच्या देशाच्या दूतावासाचे प्रमाणपत्र सामान्यतः मागितले जाते.

विवाह परदेशात होणार असेल, तर विदेशी विवाह अधिनियम, १९६९ लागू करता येतो. दोघांपैकी एक पक्ष भारतीय नागरिक असल्यास आपल्या वकिलातीतील विवाह अधिकाऱ्यासमोर विवाह करता येतो. तेथील स्थानिक कायद्याने झालेल्या विवाहाची नोंदही या अधिनियमाखाली करून घेता येते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सीमा विरुद्ध अश्विनीकुमार या प्रकरणात विवाहनोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले. नोंदणीचा हा आग्रह परदेशी जोडीदाराच्या बाबतीत किती मोलाचा आहे, हे पुढे लक्षात येईल. नोंदीचा कागद नसेल, तर पुढचा एकही टप्पा सुरू होत नाही.

दुसरा टप्पा : प्रवेश व्हिसा

अनेक जोडपी येथे पहिली चूक करतात. वधू पर्यटक व्हिसावर येते, विवाह होतो आणि तोच व्हिसा वाढवून मिळेल अशा समजुतीत घर थाटले जाते. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदारासाठी ‘एक्स’ वर्गातील प्रवेश व्हिसा हा स्वतंत्र प्रकार आहे. तो ठरावीक मुदतीचा असतो आणि मुदत संपण्यापूर्वी वाढवून घ्यावा लागतो. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर येणाऱ्या परकीयांना सामान्यतः आगमनानंतर १४ दिवसांत विदेशी नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते. २०१८ पासून ही कामे ‘ई-एफआरआरओ’ या संगणकीय सेवेद्वारे होऊ लागल्याने जिल्ह्याच्या ठिकाणाहून महानगरात घालाव्या लागणाऱ्या खेपा बऱ्याच कमी झाल्या. मात्र प्रवेश व्हिसा हा नोकरीचा व्हिसा नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. उच्चशिक्षित सुनेला अर्थार्जनासाठी वेगळी परवानगी वा वेगळा व्हिसा घ्यावा लागतो.

या विषयाची कायदेशीर चौकट अलीकडेच बदलली आहे. १९२० चा पारपत्र (भारतात प्रवेश) अधिनियम, १९३९ चा विदेशी व्यक्ती नोंदणी अधिनियम, १९४६ चा विदेशी व्यक्ती अधिनियम आणि २००० चा वाहक दायित्व अधिनियम हे चार कायदे रद्द होऊन त्यांच्या जागी इमिग्रेशन व विदेशी व्यक्ती अधिनियम, २०२५ आला आणि तो १ सप्टेंबर २०२५ पासून अंमलात आला. जुन्या पुस्तकांवर विसंबून राहणाऱ्या परीक्षार्थींनी ही नोंद अवश्य करून ठेवावी.

तिसरा टप्पा : परदेशस्थ भारतीय नागरिक कार्ड

‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’, अर्थात ओसीआय, या संज्ञेत ‘नागरिक’ हा शब्द असला तरी हे नागरिकत्व नाही. नागरिकत्व अधिनियम, १९५५ मध्ये २०१५ साली झालेल्या सुधारणेनंतर कलम ७-अ नुसार, भारतीय नागरिकाच्या वा ओसीआय कार्डधारकाच्या परदेशी जोडीदाराला हे कार्ड मिळू शकते. अट अशी, की विवाह नोंदणीकृत असावा आणि अर्जापूर्वी सलग किमान दोन वर्षे तो टिकलेला असावा. त्याशिवाय सुरक्षाविषयक पूर्वपडताळणी होते. अर्जदार स्वतः किंवा त्याचे आईवडील, आजीआजोबा, पणजी-पणजोबा यांपैकी कोणीही कधीही पाकिस्तान वा बांगलादेशाचे नागरिक असल्यास हा मार्ग बंद आहे.

कार्ड मिळाल्यावर वारंवार व्हिसा वाढवण्याची व पोलिसांकडे नोंद करण्याची कटकट संपते. खासगी क्षेत्रात नोकरी करता येते. परंतु कलम ७-ब नुसार मतदान, विधिमंडळाचे वा संसदेचे सदस्यत्व, घटनात्मक पदे आणि सर्वसाधारणपणे शासकीय सेवा यांचा हक्क मिळत नाही. शेतजमीन खरेदी करता येत नाही. आपल्या उदाहरणातील सून साताऱ्याच्या शेतात पतीच्या बरोबरीने राबू शकते. त्या शेताला लागून असलेला एक गुंठाही ती स्वतःच्या नावे विकत घेऊ शकत नाही.

चौथा टप्पा : नोंदणीद्वारे नागरिकत्व

नागरिकत्व अधिनियमाच्या कलम ५ नुसार भारतीय नागरिकाशी विवाहित असलेली आणि अर्जापूर्वी सात वर्षे भारतात सामान्यतः निवासी असलेली व्यक्ती नोंदणीद्वारे नागरिकत्व मिळवू शकते. ‘सामान्यतः निवासी’ याचा अर्थ कायद्यानेच सांगितला आहे : अर्जाच्या लगतपूर्वीचे पूर्ण बारा महिने आणि त्यापूर्वीच्या आठ वर्षांपैकी किमान सहा वर्षे भारतात वास्तव्य. विशेष परिस्थितीत त्या बारा महिन्यांतील जास्तीत जास्त तीस दिवसांची अनुपस्थिती केंद्र शासन माफ करू शकते. आईच्या आजारपणासाठी माहेरी गेलेल्या स्त्रीच्या दृष्टीने हे तीस दिवस किती मोलाचे आहेत, हे सांगावयास नको.

देशीयकरणाच्या मार्गाशी याची तुलना करून पाहा. तेथे सर्वसाधारणपणे एकूण बारा वर्षांचे वास्तव्य आणि आठव्या अनुसूचीतील एखाद्या भाषेचे पुरेसे ज्ञान अपेक्षित असते. विवाहावर आधारित नोंदणीत कालावधी कमी आहे आणि भाषेची अट नाही. निष्ठेची शपथ मात्र घ्यावी लागते. दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे मान्य नसल्याने पूर्वीचे नागरिकत्व सोडल्याचा पुरावाही द्यावा लागतो. जन्मभूमीचे पारपत्र परत करण्याचा तो क्षण सोपा नसतो. म्हणूनच ओसीआय कार्डावर समाधान मानून आयुष्यभर येथे राहणारे अनेक जोडीदार आढळतात.

शब्दांमागचा इतिहास

आता या विवाहविषयक खंडाचा इतिहास पाहू. कायद्यातील एकेक शब्द बदलला की माणसांची आयुष्ये कशी बदलतात, याचा हा वस्तुपाठ आहे.

१९१४ च्या ब्रिटिश कायद्यानुसार पत्नीचे राष्ट्रीयत्व पतीच्या राष्ट्रीयत्वामागे जात असे. स्त्रीला स्वतंत्र राष्ट्रीयत्व असू शकते, ही कल्पनाच त्यात नव्हती. आपल्या १९५५ च्या अधिनियमाने विवाहाबरोबर राष्ट्रीयत्व आपोआप बदलण्याची पद्धत स्वीकारली नाही. नोंदणीसाठी अर्जाचा पर्याय ठेवला. मात्र तो पर्याय ‘भारतीय नागरिकांशी विवाहित असलेल्या किंवा विवाहित राहिलेल्या स्त्रियां’पुरता होता. भारतीय स्त्रीशी विवाह करणाऱ्या परदेशी पुरुषाचा त्यात उल्लेख नव्हता. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी १९४८ मध्ये केरळच्या डॉ. एलिझाबेथ जेकब यांच्याशी विवाह केला, आयुष्य येथील स्वस्त व सुंदर घरे उभारण्यात घालवले. त्यांना भारतीय नागरिकत्व मिळाले ते १९८० च्या दशकाच्या अखेरीस. १९८६ च्या सुधारणेने ‘स्त्रिया’ या शब्दाऐवजी ‘व्यक्ती’ हा शब्द आला आणि पाच वर्षांच्या वास्तव्याची अट घालण्यात आली. पती आणि पत्नी या बाबतीत कायद्यापुढे समान झाले. अपत्याला परदेशात जन्मतः आईमार्फतही भारतीय नागरिकत्व मिळण्याची तरतूद १९९२ मध्ये झाली. स्त्रियांवरील भेदभाव नष्ट करण्यासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९९३ मध्ये अनुसमर्थित केला. त्याच्या अनुच्छेद ९ मध्ये नेमकी हीच दोन तत्त्वे आहेत.

यानंतरचा बदल मात्र वेगळ्या दिशेचा आहे. २००३ च्या सुधारणेने, जी ३ डिसेंबर २००४ पासून अंमलात आली, पाच वर्षांची मुदत सात वर्षे केली. त्याच वेळी ‘विवाहित असलेली किंवा विवाहित राहिलेली’ या शब्दांच्या जागी केवळ ‘विवाहित असलेली’ एवढेच शब्द उरले. वरवर पाहता किरकोळ वाटणाऱ्या या बदलाचा परिणाम मोठा आहे. पूर्वी पती निवर्तला वा घटस्फोट झाला तरी स्त्रीचा अर्जाचा मार्ग शिल्लक राहत असे. आताच्या शब्दरचनेनुसार सहाव्या वर्षी पती अपघातात गेला, तर तिला या खंडाचा आधार घेता येत नाही. मग उरतो तो देशीयकरणाचा लांबचा रस्ता.

ओसीआय कार्डाबाबतही असेच आहे. सक्षम न्यायालयाकडून वा अन्यथा विवाह विसर्जित झाल्यास जोडीदार म्हणून मिळालेले कार्ड रद्द करता येते, असे कलम ७-ड सांगते.

एका तारखेची किंमत

याच सुधारणेतील आणखी एक तरतूद प्रत्येक जोडप्याने समजून घेतली पाहिजे. वैध कागदपत्रांनिशी आलेली, परंतु परवानगीच्या मुदतीनंतर राहिलेली परकीय व्यक्तीही ‘अवैध स्थलांतरित’ या व्याख्येत येते आणि अवैध स्थलांतरिताला कलम ५ खाली नोंदणी करता येत नाही. त्याहून गंभीर बाब कलम ३ मध्ये आहे. ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेले मूल जन्माने नागरिक ठरण्यासाठी आईवडील दोघेही भारतीय नागरिक असावे लागतात. किंवा एक नागरिक असेल, तर दुसरा जन्माच्या वेळी अवैध स्थलांतरित नसावा लागतो.

आपल्या साताऱ्याच्या घरातच पाहू. गर्भवती सुनेचा व्हिसा संपत आला आहे. डोहाळजेवणाच्या आणि दवाखान्याच्या धावपळीत मुदतवाढीचा अर्ज राहून जातो. मुदत उलटल्यावर बाळ जन्मते. वडील भारतीय, जन्म भारतातला, घर भारतातले. तरीही त्या बाळाच्या जन्मसिद्ध नागरिकत्वावर प्रश्नचिन्ह उभे राहू शकते. अज्ञानापोटी चुकलेल्या एका तारखेची ही किंमत आहे. ग्रामीण भागातील किती कुटुंबांपर्यंत ही माहिती पोहोचते, याचा विचार उद्याचे प्रशासक म्हणून तुम्ही करावयास हवा.

सीमेवरची लग्ने

भारतात परदेशी सून म्हटली की डोळ्यांसमोर युरोप वा अमेरिका येते. प्रत्यक्षात या विषयाचा मोठा भाग आपल्या सीमांवर आहे. बिहार, उत्तर प्रदेश, उत्तराखंड येथे नेपाळशी शतकानुशतके रोटीबेटी व्यवहार चालतो. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे नेपाळी वधूला व्हिसा लागत नाही. वास्तव्य, मालमत्ता व व्यापाराबाबतही परस्परांना सवलती आहेत. तरीही मतदानाचा हक्क हवा असेल, तर नागरिकत्वाची नोंदणी करावीच लागते.

पश्चिमेकडे चित्र वेगळे आहे. सिंधमधील उमरकोट व थरपारकर भागातील सोढा राजपूत आपल्याच कुळात विवाह करीत नाहीत. म्हणून फाळणीनंतरही त्यांच्या सोयरिकी राजस्थानातील राजपूत कुळांशी जुळत राहिल्या. २००६ मध्ये सुरू झालेली मुनाबाव-खोखरापार मार्गावरील थर एक्सप्रेस या कुटुंबांचा आधार होती. ऑगस्ट २०१९ मध्ये ती बंद पडली. या वधूंना ओसीआयचा मार्ग नाही. त्यांच्यासाठी दीर्घ मुदतीचा व्हिसा आणि त्यानंतर नागरिकत्व हीच वाट आहे. एप्रिल २०२५ मधील पहलगाम येथील दहशतवादी हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द करण्यात आले, तेव्हा दीर्घ मुदतीचे व्हिसा त्यातून वगळले होते. ज्यांच्या हाती वेळेवर घेतलेला तो कागद होता, त्यांच्यासाठी त्याचे मोल त्या आठवड्यात सिद्ध झाले.

संतुलन कोठे साधावे?

बनावट विवाह, मानवी व्यापार आणि राष्ट्रीय सुरक्षा यांचा विचार शासनाला करावाच लागतो. दोन वर्षांची अट, पडताळणी, वास्तव्याचा कालावधी या गोष्टी म्हणूनच आहेत. अमेरिकेसारख्या देशानेही १९८६ च्या कायद्यान्वये नवविवाहित परदेशी जोडीदाराला प्रथम दोन वर्षांचा सशर्त निवास देण्याची पद्धत आणली. आपल्या पुण्या-नाशिकच्या कितीतरी मुली विवाहानंतर तिकडे जाताना याच नियमांतून जातात. परंतु त्याच देशाने १९९४ मध्ये आणखी एक तरतूद केली : छळ सोसणाऱ्या जोडीदाराला पतीच्या वा पत्नीच्या सहीविना स्वतः अर्ज करता येतो. परदेशी गेलेल्या आपल्या लेकींना अशा तरतुदीचे संरक्षण मिळावे, असे आपल्याला वाटते. मग आपल्याकडे आलेल्या परक्या लेकींसाठीही तोच न्याय का नसावा?

आपला कायदा येथे रिकाम्या हाताने उभा आहे असे नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ मध्ये ‘पीडित व्यक्ती’ म्हणजे ‘कोणतीही स्त्री’. तेथे नागरिकत्वाची अट नाही. सामाईक घरात राहण्याचा हक्क तो तिला देतो. पण घरात राहण्याचा हक्क आणि देशात राहण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिसाच्या अर्जासाठी पतीचे सहकार्य लागत असेल आणि पतीनेच ते नाकारले, तर न्यायालयाने दिलेला पहिला हक्क दुसऱ्याअभावी निष्फळ ठरण्याचा धोका असतो. भारतीय अपत्याची आई असलेल्या विधवेला, घटस्फोटितेला वा परित्यक्तेला तिच्या स्वतःच्या वास्तव्याच्या बळावर अर्ज करता यावा, अशी स्पष्ट तरतूद कायद्यातच झाली तर ही फट बुजेल. १९५५ च्या शब्दरचनेत त्याचा निम्मा भाग होताच.

मित्रहो, परीक्षेत तुम्हाला विचारले जाईल : विवाहाधारे नोंदणीसाठी किती वर्षे? उत्तर सात लिहा, गुण मिळतील. परंतु उद्या तुम्ही जिल्हाधिकारी कार्यालयात असाल आणि कडेवर मूल घेतलेली, तुमच्या भाषेत अडखळत बोलणारी एखादी स्त्री कागदांची पिशवी घेऊन समोर उभी राहील, तेव्हा सात हा आकडा पुरेसा ठरणार नाही. तिचा व्हिसा कोणत्या तारखेला संपतो, हा प्रश्न तुम्ही तिला आपणहून विचारला आणि त्या तारखेआधी तिचा अर्ज दाखल होईल असे पाहिले, तर आजचा हा तास सार्थकी लागला असे मी समजेन.